लॅटिनच्या क्लासची गरज नाही, शब्द फोडायला शिकवा

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी चौथीपर्यंत डिचोलीच्या मराठी शाळेत होती, दहावीपर्यंत मराठी विषय होता आणि यंदा ती बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला लागली. अ‍ॅनाटॉमीचे शब्द घोकताना रडकुंडीला येते, म्हणून लॅटिन-ग्रीकचा महागडा ऑनलाइन क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. मराठी शाळेत घातलं हेच चुकलं का, हेही शेवटी लिहिलंय. त्याचं उत्तर आधी देतो: अजिबात चुकलं नाही.

‘कोलेसिस्टेक्टॉमी’ घ्या. ग्रीकमध्ये ‘खोले’ म्हणजे पित्त, ‘किस्टिस’ म्हणजे पिशवी, ‘एक्टोमे’ म्हणजे कापून काढणं. झाली पित्ताशय काढायची शस्त्रक्रिया! आपला ‘पित्ताशय’ तरी वेगळा कुठे घडलाय? समासाचा विग्रह तुमच्या मुलीने मराठीच्या तासाला केलेलाच आहे. इथेही तेच करायचं.

मुलं खरी अडकतात ती दुसरीकडे. अवयवांची नावं बरीचशी लॅटिनमधली, आजारांची बरीचशी ग्रीकमधली. मूत्रपिंड लॅटिनमध्ये ‘रेन’, ग्रीकमध्ये ‘नेफ्रोस’. म्हणून त्याची धमनी ‘रीनल आर्टरी’, पण त्याचा दाह ‘नेफ्रायटिस’. फुप्फुसाचंही तसंच, ‘पल्मोनरी’ आणि ‘न्यूमोनिया’. या जोड्या एकदा मांडून घेतल्या की निम्मी धास्ती जाते.

तुमचे सासरे पोर्तुगीज शाळेत शिकलेत ना? मुलीला त्यांच्याजवळ बसवा. पोर्तुगीज लॅटिनमधूनच आलेली; मूत्रपिंड ‘रीं’, हाड ‘ओसु’, दात ‘देंत’. (तिच्या कॉलेजचं मूळही १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे.)

रोज वर्गात आलेले चार-पाच शब्दच वहीत फोडायचे आणि प्रत्येक तुकड्यासमोर त्याची भावंडं लिहायची: ‘सिस्ट’समोर (म्हणजे वरचाच ‘किस्टिस’, पिशवी) सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह, सिस्टोस्कोपी म्हणजे मूत्राशयाची आतून तपासणी. मग मोठ्याने म्हणायचे, कारण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंडातून शब्द बाहेर पडावा लागतो.

एक पथ्य मात्र पाळायला सांगा. फोड करून निघालेला अर्थ नेहमी आजचा अर्थ नसतो. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडवला, मुलांच्या शरीरातली व्यंगं सुधारण्यासाठी. आज त्याच विभागात आजोबांचा गुडघा बदलतात. ‘इलियम’ तर दोन आहेत, एक कमरेचं हाड आणि दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. उच्चार सारखाच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. असे शब्द लाल पेनाने वेगळे लिहायचे आणि पाठच करायचे, तिथे दुसरा उपाय नाही.

क्लास लावू नका. भाषा म्हणून लॅटिन शिकायला वर्षं लागतात, विभक्त्या आणि क्रियापदं तिला वॉर्डात लागणार नाहीत, आणि पहिल्या वर्षात तेवढा वेळही नसतो. त्याच पैशांत शब्दांची व्युत्पत्ती देणारा एक चांगला वैद्यकीय शब्दकोश घेऊन द्या.