इतिहासकारांची नावं लिहिली तरी मार्क का गेले?

प्रश्न : ताई, मी नागपूरला सीबीएसई बारावीला आहे. प्रीबोर्डला आठ मार्कांचा निबंध होता, '१८५७ चा उठाव राष्ट्रीय होता का?' मी सावरकर, मजुमदार, सेन, चौधरी आणि मार्क्स अशा पाच जणांची मतं पाठ करून लिहिली, एकही चुकलं नाही, तरी साडेतीनच मिळाले. मॅडमनी बाजूला फक्त 'तुझं उत्तर कुठंय?' एवढंच लिहिलंय. मला खूप रडू आलं. मतं लिहायची नसतात का?

उत्तर : अगं, लिहायची असतात, आणि तू पाच जण नीट पाठ केलेस त्यामागची मेहनत मला दिसतेय. पण तू पाठवलेला पेपरचा फोटो मी दोनदा वाचला. त्यात 'मजुमदार म्हणतात', 'सेन म्हणतात', 'सावरकर म्हणतात' असं एकापाठोपाठ एक येतं आणि शेवटी 'अशा प्रकारे इतिहासकारांत मतभेद आहेत' म्हणून तू थांबलीस. प्रश्न होता राष्ट्रीय होता का, आणि तू सांगितलंस की इतिहासकारांचं एकमेकांशी जमत नाही. मॅडमनी तेच विचारलंय. आठ मार्कांना तीनशे ते साडेतीनशे शब्द असतात, त्यात पाच माणसं उभी केली तर पुराव्याला जागा उरतच नाही गं.

आता एकच मत घेऊ, इतिहासकार र. चं. मजुमदारांचं. १९५७ साली, उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात त्यांनी म्हटलं की हे युद्ध ना पहिलं, ना राष्ट्रीय, ना स्वातंत्र्ययुद्ध. हे वाक्य सगळ्यांच्या वहीत असतं आणि पोरं ते लिहून पुढे निघून जातात. तिथेच थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, की हा माणूस 'राष्ट्रीय नाही' म्हणतोय ते कशावरून? तर बघ, पंजाब बराचसा शांत राहिला, उलट शीख पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढल्या, मद्रासची फौज हलली नाही, मुंबईच्या फौजेत कोल्हापूरसारखे थोडे अपवाद सोडले तर तीही कंपनीबरोबरच राहिली, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि हैदराबादचा निजाम दोघंही इंग्रजांच्या बाजूला. एवढं लिहिलंस की मजुमदारांचं मत नुसतं नाव राहत नाही, ते तुझ्या उत्तरात काम करायला लागतं.

मग दुसरी बाजू, आणि तिच्यासाठी अवधला, म्हणजे लखनौच्या आसपासच्या प्रांतात जायचं, कारण खरा मालमसाला तिथे आहे. १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केलं, नवाब वाजिद अली शाहला कलकत्त्याला पाठवलं, तालुकदारांचे, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदारांचे किल्ले पाडले, त्यांची शस्त्रं काढून घेतली. तुझ्याच पाठ्यपुस्तकात आकडा आहे बघ, आधी अवधमधली ६७ टक्के गावं तालुकदारांकडे होती, नव्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तानंतर ३८ टक्के उरली. त्यात कंपनीच्या बंगाल आर्मीतले, म्हणजे जी फौज उठली तिच्यातले, कितीतरी शिपाई याच गावांतले, म्हणजे बराकीत शिपाई चिडलेला आणि घरी भाऊबंदही चिडलेले. इतिहासकार रुद्रांगशु मुखर्जींनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात फक्त अवधचा अभ्यास केलाय आणि तिथे तालुकदार आणि शेतकरी एकत्र उठले हे दाखवलंय. आता मजुमदार आणि मुखर्जी एकमेकांना खोटं पाडतात का? मला तरी नाही वाटत. एक जण सगळा देश नजरेसमोर ठेवून बोलतोय, दुसरा एकाच प्रांतात शिरून बघतोय. हे तू ओळखलंस आणि एका ओळीत लिहिलंस तर पेपर तपासणारा पेन खाली ठेवून वाचेल, हे मी बावीस वर्षं पेपर तपासून सांगतेय.

तुझा तो परिच्छेद मी असा लिहिला असता : 'सबंध भारत पाहिला तर मजुमदारांचं म्हणणं पटतं, कारण पंजाब आणि मद्रास उठले नाहीत आणि शिंदे, निजाम इंग्रजांकडे राहिले. पण अवधमध्ये गावंच्या गावं आणि तालुकदार एकत्र लढले, हे मुखर्जींनी दाखवलंय. म्हणून उठाव देशभर राष्ट्रीय नसला तरी अवधपुरता तो नुसता शिपायांचा राहिला नव्हता.' बघ, दोनच नावं आलीत आणि शेवटचं वाक्य तुझं आहे. मॅडमना तेवढंच हवं होतं.

सावरकरांबद्दल वेगळं सांगते, कारण त्यांचं नाव आलं की काही मुलं नुसती स्तुती करतात आणि काही घाबरून नावच गाळतात. दोन्ही नको. त्यांचं पुस्तक मूळ मराठीत लिहिलेलं, १९०९ मध्ये इंग्रजीत आलं, आणि बाहेर पडायच्या आधीच सरकारने त्यावर बंदी घातली. ते लंडनमध्ये बसून तरुणांना लढ्यासाठी उभं करायला लिहीत होते, हे एका वाक्यात सांगितलंस की त्यांनी 'स्वातंत्र्यसमर' हा शब्द का धरला ते आपोआप कळतं. इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांचं पुस्तकही १९५७ चंच, पण ते सरकारने लिहून घेतलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की धर्मासाठी सुरू झालेली लढाई शेवटी स्वातंत्र्ययुद्ध झाली. मार्क्स मात्र या निबंधातून काढून टाक. तो १८५७ मध्येच न्यूयॉर्कच्या पेपरात लिहीत होता, मागे वळून बघणारा इतिहासकार म्हणून त्याला मजुमदारांच्या रांगेत बसवता येत नाही.

प्रश्न : मी पेणचा, बारावी आर्ट्स. गोडसे भटजी आमच्याच तालुक्यातल्या वरसईचे. १८५७ च्या उत्तरात 'इतिहासकार गोडसे भटजींच्या मते' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : 'इतिहासकार' नको रे, बाकी नक्की लिही, मला तर आनंदच होईल. भटजी दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले, त्यांनी शहराची लूट आणि कत्तल डोळ्यांनी पाहिली. ते साक्षीदार आहेत. पण त्यांनी हे सगळं साधारण पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास आठवून लिहिलं आणि ते छापून आलं १९०७ मध्ये, त्यामुळे दिवस-तारखांसाठी त्यांच्यावर टेकू नकोस. झाशीतल्या लोकांचे हाल कसे होते यासाठी त्यांच्याइतका जवळचा माणूस मराठीत तुला दुसरा मिळणार नाही. 'झाशीच्या वेढ्यात स्वतः असलेले गोडसे भटजी सांगतात की' अशी सुरुवात कर, पुढे तुझा मुद्दा.

प्रश्न : मुलगा पुण्यात आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या बोर्डाला) आहे. शाळेत सारखं 'पर्स्पेक्टिव्ह आणा', म्हणजे वेगवेगळे दृष्टिकोन लिहा, असं म्हणतात. एवढी जाड पुस्तकं तो वाचणार कधी? आणि परीक्षेत नाव विसरला तर?

उत्तर : ताई, अख्खी पुस्तकं वाचायला लावू नका. प्रस्तावना आणि एक प्रकरण पुरतं, लेखकाने कोणती कागदपत्रं पाहिली ते बहुतेक प्रस्तावनेतच असतं. आणि पर्स्पेक्टिव्ह म्हणजे फक्त इतिहासकार असं नाही, त्या काळातला तालुकदार, शिपाई, कंपनीचा साहेब यांची बाजूही त्यातच येते.

नाव आठवलं नाही तर 'अवधचा अभ्यास केलेल्या इतिहासकारांनी दाखवलंय की' असं लिहून पुरावा द्यायला सांगा. अंदाजाने भलतंच नाव ठोकू नये आणि अवतरण चिन्हात स्वतः रचलेलं वाक्य तर अजिबात घालू नये, तपासणाऱ्याला ते लगेच कळतं आणि मग बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.