कुशनचा पाय घेण्याआधी सॉकेट तपासून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, मधुमेहामुळे उजवा पाय गुडघ्याखालून काढला त्याला दहा महिने झाले. चार महिन्यांपूर्वी कृत्रिम पाय बसवला. दुकानात दिवसभर गादीवर बसणं, घरी मांडी घालून जेवायची सवय, आणि सिद्धेश्वराच्या दर्शनाला स्वतःच्या पायांनी जायची इच्छा. पण चालताना कळ येते, आणि संध्याकाळी पाय उतरवला की नडगीच्या टोकाला लाल झालेलं दिसतं. कुणीतरी 'कुशनवाला' महागडा कार्बन फूट, म्हणजे कृत्रिम पायाचं खालचं पाऊल, सुचवलाय. घ्यावा का?

मी सोलापुरातच कृत्रिम पाय बसवायचं काम करतो. माझं मत आधीच सांगतो: आत्ता कार्बन फूटवर पैसे घालू नका. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं सॉकेटकडे, म्हणजे कापलेला पाय ज्या पोकळ साच्यात बसतो त्याकडे, बोट दाखवतात. वडिलांच्या अंगाचा सगळा भार आधी सॉकेटच्या आत कातडीवर पडतो आणि मगच खाली फूटपर्यंत उतरतो. वरती चुकीच्या जागी दाब असेल, तर तळाला कितीही भारी गादी लावा, कळ तशीच राहणार.

आपल्या टाचेखाली चरबीचे बारीक कप्पे असतात, चिवट पडद्यांनी बांधलेले. उभं राहिलं की ते दबतात, पण बाजूला पळत नाहीत. नडगीवरच्या कातडीकडे यातलं काहीच नाही. तिने आयुष्यात कधी भार घेतलेला नसतो आणि पाय काढल्यावर अचानक तिच्यावर सगळं ओझं येतं. म्हणून कुठे दाबायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, हेच सॉकेट बनवणाऱ्याचं खरं कसब. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा, नडगीच्या वरच्या टोकाची आतली रुंद बाजू आणि पोटरीचं मांस एवढ्या जागा दाब सोसतात. नडगीची धार, तिचं कापलेलं टोक आणि गुडघ्याच्या जरा खाली बाहेरच्या अंगाला हाताला लागणारं छोटं हाड, यांना दाब अजिबात चालत नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात याच हिशेबाने पीटीबी, म्हणजे वाटीखालच्या पट्ट्यावर भार घेणारं, सॉकेट तयार झालं. आपल्याकडे गुडघ्याखालच्या पायाला अजून मुख्यतः तेच किंवा त्याचीच सुधारलेली रूपं बसवतात.

आता वडिलांच्या लाल डागाकडे येऊ. पाय काढल्यानंतर पहिलं वर्षभर तरी उरलेला पाय बारीक होत राहतो. सूज उतरते, काम नसल्यामुळे पोटरीचं मांस आटतं. त्यामुळे सहाव्या महिन्यात घेतलेलं माप दहाव्या महिन्यात ढिलं होणं अगदी साहजिक आहे, त्यात बनवणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. ढिल्या सॉकेटमध्ये पाय हळूहळू खाली घसरतो, वाटीखालचा आधार सुटतो आणि हाडाचं टोक तळाला आदळायला लागतं. शिवाय एका दिवसातही फरक पडतो. सकाळी घट्ट वाटणारं सॉकेट दुपारपर्यंत सैल होतं. त्यावर उपाय म्हणजे मोजे. ते एक, तीन, पाच अशा प्लायच्या जाडीत मिळतात; प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप. सकाळी एक घालून निघायचं आणि दुपारी सैल वाटलं की वर आणखी एक चढवायचा. पण सगळे मिळून दहा-बारा प्लायच्या वर जायला लागले, तर मोजे वाढवणं थांबवून नवं सॉकेट घ्यायचं. आणि उलटही ध्यानात ठेवा. मोजे जास्त झाले की पाय तळापर्यंत पोचतच नाही, खाली पोकळी राहते, टोकाला रक्त साकळून कातडी काळी-लाल आणि खरखरीत होते. ते दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

पाय तळाला टेकतोय की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही काय करतो, तर लहान मुलं खेळतात त्या मऊ मातीची सुपारीएवढी गोळी सॉकेटच्या तळात टाकतो आणि माणसाला पाय घालून भार द्यायला सांगतो. पाय काढल्यावर गोळी जशीच्या तशी निघाली तर खाली जागा रिकामी आहे. कागदासारखी चपटी झाली तर टोकावर फार भार येतोय. थोडी दबलेली निघाली की बरोबर. तसंच ज्या हाडाची शंका असेल त्यावर लिपस्टिकचा ठिपका देतो. दहा पावलं चालवून पाय काढला की सॉकेटच्या आत नेमकी कुठे घासण होते त्याचा डाग उमटलेला असतो, मग तेवढीच जागा तापवून बाहेर काढता येते. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, पाच मिनिटांची फुरसत लागते. तुमच्या तंत्रज्ञाला हे करायला सांगा. चांगला माणूस आनंदाने करेल.

सॉकेटच्या आतली गादी म्हणजे लायनर, आणि 'कुशन' पाहिजे असेल तर पैसे इथे घालावेत. सरकारी किंवा शिबिरातल्या पायात बहुधा फोमचा लायनर असतो. हलका, स्वस्त, तापवून आकार देता येणारा. पण रोजच्या भाराने तो बसत जातो, अंगठ्याने दाबून परत फुगतोय का ते बघा. फुगत नसेल तर त्याचं काम संपलं. जेल किंवा सिलिकॉनचा लायनर कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे घासण लायनरच्या आतल्या थरात जिरते आणि कातडी वाचते. वडिलांसारख्या मधुमेही, पातळ कातडीच्या माणसाला त्याचा खरा फायदा होतो. अडचण आपल्या हवेची. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा जेलच्या आत घामाचं पाणी साठतं आणि पाय सटकतो. दुपारी एकदा पाय उतरवून लायनर आणि कातडी दोन्ही कोरडी करायचीच, आपल्या सोलापुरी टॉवेलसारखं दुसरं काही नाही त्यासाठी. रात्री साध्या साबणाने लायनर धुवायचा, साबण पूर्ण निघेपर्यंत, आणि सावलीत वाळवायचा. गच्चीवर उन्हात टाकला तर तो लवकर खराब होतो. पाय घालण्याआधी तेल किंवा मलम लावू नका, ते रात्रीसाठी.

आता फूट. नैसर्गिक चाल म्हणजे काय, हे कळलं तर निवड सोपी जाते. आपण टाच टेकतो तेव्हा घोटा थोडा खाली झुकतो आणि तळवा अलगद जमिनीवर येतो. मग नडगी पावलावरून पुढे सरकते, टाच उचलते आणि चवडा ढकलून पुढचं पाऊल पडतं. सगळ्यात साधं सॅच फूट यातला पहिला भाग फक्त टाचेतल्या मऊ रबरावर भागवतं. घोटा हलतच नाही, पण रबर दबतं आणि घोटा झुकल्यासारखं वाटतं. ती टाच माणसाच्या वजनाला जुळली पाहिजे. फार कडक असेल तर टाच टेकताच गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस घाबरून चालतो. फार मऊ असेल तर गुडघा मागे ताणला जातो, पाऊल खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं. वडिलांना विचारा, नेमकं कोणतं वाटतं. हे उत्तर तंत्रज्ञाला 'दुखतंय' या शब्दापेक्षा दसपट उपयोगी पडतं.

जयपूर फूट वेगळ्याच विचारातून आलं. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते घडवलं. पुढे १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टाचेत आणि चवड्यात मायक्रोसेल्युलर रबर, घोट्याशी लाकडी ठोकळा, त्यावर टायरमधल्या दोऱ्याचं रबर गुंडाळलेलं आणि वरून कातडीच्या रंगाचं आवरण, हे सगळं साच्यात तापवून एकजीव केलेलं. ते वर-खाली आणि आडवंही वाकतं, थोडं पिळलंही जातं. म्हणून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, शेतात चिखलपाण्यात चालतं आणि बोटं दिसत असल्यामुळे अनवाणी जाताना संकोच वाटत नाही. चवडा ढकलण्याची ताकद त्यात नाही, वजनही कमी नाही. तरीही ज्यांचं जगणं जमिनीवर बसून आहे, त्यांच्यासाठी मी अजून आधी याचाच विचार करतो.

कार्बन फूट उत्तम वस्तू आहे, गैरसमज नको. पुढे झुकलं की कार्बनची पात वाकते आणि सुटताना ती ऊर्जा परत देते. पण ती वाकायला तेवढा भार आणि तेवढी लांब पावलं लागतात. जोरात चालणाऱ्या, दिवसभर उभं काम असलेल्या, जिने चढणाऱ्या तरुणाला त्याचं मोल कळतं. घरातून दुकानात, दुकानातून घरी छोट्या पावलांनी जाणाऱ्या ६१ वर्षांच्या माणसाला ती पात फक्त कडक लागेल. ऊर्जा परत द्यायला आधी ती साठली तर पाहिजे. रस्ता खडबडीत असेल तर बाजूलाही झुकणारं बहुअक्षीय फूट चांगलं, फक्त त्याची देखभाल वेळच्या वेळी करावी लागते.

देवळाच्या संदर्भात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कृत्रिम पाय ठरावीक उंचीच्या टाचेसाठी उभा केलेला असतो. चपलेची टाच सेंटिमीटरभर उंच धरून पाय लावला आणि माणूस देवळात चप्पल काढून चालू लागला, की अख्खा पाय मागे कलतो. गुडघा ताठ होतो, सपाट फरशीवर चढण चढल्यासारखं वाटतं. उलट, अनवाणी चालण्यासाठी जुळवलेल्या पायावर उंच टाचेचा बूट चढवला तर गुडघा सारखा पुढे पडतो. म्हणून वडिलांचा पाय अनवाणीसाठी जुळवायला सांगा आणि चप्पल सपाट तळाची घ्या. घरात, दुकानात, देवळात तिन्हीकडे तोच कोन राहील. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत मात्र पहिल्या वर्षी नेऊ नका. नंतर एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत जा. कृत्रिम पायाला चटका कळत नाही, पण मधुमेहामुळे दुसऱ्या पायालाही तो कळत नसण्याची शक्यता आहे.

मांडी घालण्याचा प्रश्न फूटइतकाच सॉकेटच्या काठाचाही असतो. विडी घरकुल वसाहतीतल्या एका बाईंना पाय चांगला बसला होता, चालायला काही तक्रार नव्हती. पण सूप पुढ्यात घेऊन विड्या वळायला बसल्या की तासाभरात गुडघ्यामागे रग लागायची. त्यांना कार्यशाळेत जमिनीवरच बसवलं. मांडी घातली की सॉकेटचा मागचा काठ मांडीच्या दोन्ही शिरांमध्ये रुतत होता. खुर्चीवर बसवून बघितलं तर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे गुडघा एवढा मुडपत नाही. काठ पेन्सिलने आखून दोन्ही शिरांच्या जागी थोडा खाली घासला, कडा बाहेर वळवून गुळगुळीत केली, परत बसवलं. मांडीत बसल्यावर काठ आणि कातडीत एक बोट सहज जाईपर्यंत हे चालू ठेवलं. मागचा काठ सगळाच खाली आणला असता तर वाटीखालचा आधार गेला असता, म्हणून मधला भाग तसाच ठेवला. तुमच्या वडिलांनाही मापाच्या वेळी जमिनीवर बसवून बघायला सांगा.

दुसऱ्या पायाचं सांगायलाच हवं, कारण कृत्रिम पायाच्या नादात घरचे तोच विसरतात. मधुमेही माणसाचा हा दुसरा पाय आता जास्त भार घेतोय. त्याला एमसीआरची मऊ चप्पल घ्या. जयपूर फूटच्या टाचेत जे रबर असतं, त्याच जातीचं हे. तळवा आणि बोटांच्या बेचक्या रोज रात्री बघा, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरा. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाची कातडीही तशीच बघा. पाय उतरवल्यावर आलेली लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली तर त्या जागी दाब जास्त आहे. कातडी फुटली, पाणी सुटलं, तर जखम भरेपर्यंत पाय घालायचाच नाही, सणवार असो की लग्नकार्य. आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कोणतंही सॉकेट नीट बसत नाही.

पैशांचं म्हणाल, तर आधी सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या. केंद्राच्या ॲडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसलात तर पाय मोफत किंवा सवलतीत मिळतो. कानपूरची ॲलिम्को ही १९७२ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी हे साहित्य बनवते आणि शिबिरांतून देते. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र लष्कराचं आहे, १९४४ पासूनचं, पण तिथे नागरिकांनाही घेतात. खाजगीत जाणार असाल तर प्रोस्थेटिस्टची, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्याची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच कसला. आणि किंमत ठरवताना पहिल्या वर्षात सॉकेट बदलावं लागलं तर किती घेणार, हे लिहून घ्या. बहुतेकांचा खर्च तिथेच वाढतो.

पुढच्या भेटीला जाताना वडिलांची रोजची चप्पल आणि आत्ता वापरतात ते सगळे मोजे सोबत न्या. शक्यतो दुपारनंतरची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर चालून पाय जसा होतो तसा तंत्रज्ञाला दिसेल. डायलिसिस चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याआधी आणि नंतर पायाची जाडी बदलते आणि माप कोणत्या दिवशी घ्यायचं ते त्यावर ठरतं. आधी मातीच्या गोळीची तपासणी, मग सॉकेट किंवा लायनर, मग टाच आणि कोन. एवढं झाल्यावर महिनाभर चालू द्या. तेव्हाही फूट कमी पडतंय असं वडील स्वतः म्हणाले, तर कोणतं घ्यायचं ते बघू.