नसलेल्या पायाची कळ

प्रश्न : माझे यजमान माजी सैनिक आहेत. सुरुंगाच्या स्फोटात ते मरता मरता वाचले, मात्र डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चार वर्षे झाली, तरी नसलेल्या पावलात रात्री कळा येतात. कृत्रिम पाय कपाटावर पडून असतो. सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूचे आवाज सुरू झाले, की ते न्हाणीघरात जाऊन कडी लावतात. सासरे त्यांना रोज पॅरालिम्पिक जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण देतात. काय करावे?
– एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, ती कळ खरी आहे, हे आधी घरातील सर्वांनी मान्य करावे. पाय गेला तरी मेंदूतील त्याची जागा पुसली जात नाही आणि कापलेल्या नसांची टोकेही संदेश पाठवीत राहतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या यावर बहुधा पुऱ्या पडत नाहीत. नसांच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात, ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून, धड पायाचे प्रतिबिंब पाहत घोटा सावकाश हलविण्याचाही व्यायाम आहे. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हातासाठी ही युक्ती शोधली, पुढे ती पायासाठीही वापरात आली. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण खर्च एका आरशाचा आहे.

पाय कपाटावर का जातो, हेही त्यांना विचारा; अनेकदा कारण निराशा नसून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, असते. काळाबरोबर स्टंप (पायाचा उरलेला भाग) आक्रसतो, सॉकेट सैल होऊन घासू लागते आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने कातडी सोलवटते. स्टंपचे मोजे रोज धुवावेत आणि कृत्रिम पाय काढल्यावर उमटलेली लाली थोड्या वेळात मावळते का, ते पाहावे. मावळत नसेल, तर सॉकेट बदलून घ्यायला हवे. १९४४ पासून हेच काम करणारे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात आहे. तेथे कसे जावे, याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि हायडेलबर्ग पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक त्यांना १९७२ मध्ये मिळाले. मधली सात वर्षे सासऱ्यांनी लक्षात घ्यावीत, आणि ते उदाहरण काही दिवस बंदच ठेवावे, असे मला वाटते.

आवाजाने दचकणे हा भित्रेपणा नव्हे. त्यावर मानसोपचार आहेत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तोवर जानेवारीत दारूकामाची वेळ त्यांना आधीच सांगून ठेवा. त्या संध्याकाळी घरी थांबायचे की एखाद्या नातेवाइकाच्या गावी जायचे, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.