हॉबी १६ हाती घेण्यापूर्वी

पहिली शर्यतीची कॅटामरान (दोन जोड-सांगाड्यांची शिडाची नौका) म्हणून तुम्ही हॉबी १६ निवडली असेल, तर तिची घडण आधी समजून घ्या, कारण तिच्या बहुतेक खोडींचे मूळ तिथेच आहे. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर यांना लाटांतून थेट वाळूवर आणता येईल अशी नौका हवी होती. म्हणून त्यांनी पाण्यात खोल उतरणारी फळी वगळली आणि दोन्ही हल (पाण्यावर तरंगणारे सांगाडे) बाहेरून सपाट, आतून फुगीर ठेवले, जेणेकरून वाऱ्याआडचा, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा हलच नौकेला बाजूला घसरू देत नाही. त्याची किंमत टॅक करताना, म्हणजे नौकेची नाळ (पुढचे टोक) वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवताना, मोजावी लागते. वेग राखून सुकाणू हळूहळू वळवा, मुख्य शिडाचा दोर ऐन वेळी सैल करा आणि जिब (पुढचे लहान शीड) सोडण्याची घाई करू नका. वाऱ्याने उलट्या बाजूने भरलेली जिबच नाळ फिरवून देते. १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये असलेली टोर्नेडो ही दुसरी कॅटामरान अधिक वेगवान खरी, पण सुमारे तीन मीटर रुंदीच्या त्या नौकेचा मोह तूर्त टाळावा, हे माझे मत. हॉबीची नाळ बारीक असल्याने जोरदार आडव्या वाऱ्यात ती पाण्यात घुसून नौका पुढच्या बाजूने उलटू शकते, तेव्हा नौकेवरच्या दोघांनीही वेळीच मागे सरकावे.