पहिल्याच महिन्यात न्यूयॉर्कचा लोड आला तर?

तुमचा प्रश्न वाचला. ट्रेलरचा अनुभव गाठीशी आहे, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात येऊन हेच काम करायचं ठरतंय, पण टोरंटोचा ४०१ महामार्ग आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या गर्दीचे व्हिडिओ बघून धास्ती बसलीय. नवीन माणसाने हा भाग कसा निभवायचा, असं तुम्ही विचारलंय. धास्ती बसली ते बरंच झालं. आल्या आल्या 'मी कुठेही गाडी काढतो' म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

तुमचा हात बसलेला आहे, त्यामुळे गाडी चालवणं अडणार नाही. उजवीकडून चालायची सवयही होते. फक्त पहाटे रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि डावीकडे वळताना डोकं जागेवर ठेवा. नवे लोक अडकतात ते निघण्याआधीच्या तयारीत. कोणत्या रस्त्याने जायला परवानगी आहे, तिथे किती वाजता पोचणार आणि रात्री गाडी कुठे लावणार, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय चावी फिरवू नका. फेऱ्या ठरवून देणारा कंपनीचा डिस्पॅचर फोनवर कितीही घाई करो.

पहिला प्रश्न रस्त्याचा. तुमच्यामागे ५३ फुटी ट्रेलर असेल, उंची १३ फूट ६ इंच. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये पार्कवे नावाचे जुने रस्ते आहेत. ते मोटारींसाठीच बांधलेले, पूल बुटके, ट्रकला बंदी. मोबाइलवरचा साधा नकाशा तुम्हाला खुशाल तिकडे वळवतो, कारण त्याच्या लेखी तुम्ही मोटारच आहात. आय-९५ महामार्गाला समांतर जाणारा मेरिट पार्कवे नकाशावर फार मोहक दिसतो, त्याला भुलू नका. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर तर दर सप्टेंबरला, विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा, भाड्याचे ट्रक पुलाखाली अडकतात. ट्रकचं वेगळं जीपीएस घ्या, त्यात उंची-वजन भरा, आणि तरीही ट्रकचा छापील अ‍ॅटलस केबिनमध्ये ठेवा. मी आजही नव्या पत्त्याचा शेवटचा टप्पा आदल्या रात्री उपग्रह-नकाशावर बघतो: गेट कुठल्या बाजूला आहे, वळायला जागा आहे का.

न्यूयॉर्क शहरात ५३ फुटी ट्रेलरला मोजकेच महामार्ग खुले आहेत, तेही शहर ओलांडून पुढे जाण्यासाठी. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर ट्रकने वरच्या मजल्यावरूनच जायचं. न्यू जर्सी टर्नपाइक मोठ्या भागात दुभंगतो, आतल्या लेन फक्त मोटारींच्या, ट्रकने बाहेरच्या धरायच्या. पाटी वाचेपर्यंत फाटा निघून जातो, म्हणून हे आधीच ठाऊक हवं.

एक्झिट चुकली तर चुकू द्या. पुढच्या एक्झिटने वळून या, अर्धा तास जाईल एवढंच. शेवटच्या क्षणी तीन लेन कापण्यात किंवा अनोळखी गल्लीत शिरण्यात नवे लोक गाडी ठोकतात. आणि पार्कवेवर शिरलातच, तर पुलापर्यंत जाऊच नका. थांबा, चारी दिवे लावा, पोलिसांना फोन करा. दंडाची पावती मिळेल, पण छत शाबूत राहील.

आता वेळ. अमेरिकेत १० तास विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालवता येते, तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. कोंडीत उभे असलात तरी हे १४ तास पळतच राहतात आणि हे तास आपोआप नोंदणारं इलेक्ट्रॉनिक लॉगबुक कुणाचं ऐकत नाही. अनपेक्षित अडचण आली तर दोन तासांची सवलत आहे, पण न्यूयॉर्क शहरातून जाणाऱ्या क्रॉस ब्राँक्स महामार्गावरची रोजची कोंडी अनपेक्षित धरली जात नाही. म्हणून मी तो पट्टा पहाटे चारच्या आत ओलांडायला बघतो. त्यासाठी आदल्या दिवशी दुपारीच पेनसिल्व्हेनियात कुठेतरी थांबावं लागतं. लवकर थांबण्याचं दुसरं कारण म्हणजे पार्किंग. त्या बाजूचे ट्रकस्टॉप संध्याकाळपर्यंत भरतात, मग माणसं महामार्गाच्या चढ-उताराच्या रॅम्पवर गाडी लावून जीव धोक्यात घालतात.

पैशाचंही बघा. पगार मैलावर असेल तर कोंडीतले तास फुकट जातात. काही कंपन्या या भागासाठी वेगळी रक्कम देतात, डॉकवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, खोळंबल्याचेही पैसे देतात. नोकरी घेताना हे विचारा आणि लिहून घ्या. पहिले काही महिने कुठल्या भागात पाठवणार, हेही विचारा. ओहायो, इंडियाना, इलिनॉयकडच्या सपाट, लांब फेऱ्या मिळाल्या तर सुरुवातीला त्याच घ्या. नवीन माणसाला एकट्याने ब्रुकलिनला धाडणाऱ्या कंपनीत मी तरी राहणार नाही.

डॉकवर रिव्हर्स घेताना लाज सोडा. दहा वेळा उतरून बघावं लागलं तर उतरा. मागे हॉर्न वाजवणारा तुमच्या बंपरचे पैसे भरणार नाही.

डोंगराळ भागाचा प्रश्न तुम्ही केला नाहीत, पण पश्चिमेकडे गेलात तर ब्रिटिश कोलंबियाच्या घाटांत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल बर्फासाठी चाकांच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. त्या चढवायला घरच्या अंगणात शिका.

लायसन्सचं सांगायचं तर मायदेशातला अनुभव इथे एझेड, म्हणजे ट्रेलर-ट्रकच्या, लायसन्ससाठी चालत नाही. ओंटारियोत २०१७पासून किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. एवढ्यात परीक्षा पास होता येते, न्यूयॉर्कला जाण्याची तयारी होत नाही. २०१८ साली सॅस्कॅचवनमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोस या हॉकी संघाची बस आणि ट्रक यांच्या धडकेत १६ माणसं गेली. ट्रकचालक भारतातून आलेला, अगदी नवा होता, थांबण्याची पाटी ओलांडून गेला. त्यानंतर इतर प्रांतांनीही प्रशिक्षण सक्तीचं केलं. कंपनी अनुभवी चालकासोबत काही आठवडे बसवते का, हे पगाराच्याही आधी विचारा.

मोटारीचं लायसन्स हातात आलं की एखाद्या रविवारी सकाळी छोटी गाडी घेऊन ४०१वर मिसिसागा ते स्कारबरो जाऊन या. एक्सप्रेस (थेट पुढे जाणाऱ्या) आणि कलेक्टर (एक्झिटला जोडलेल्या) लेन कुठे फुटतात, कुठे परत मिळतात, ते पाठ होईपर्यंत जा. तीन किंवा जास्त लेनच्या महामार्गावर सगळ्यात डावी लेन ट्रकला बंद असते, म्हणजे तुम्हाला उजवीकडच्या, सतत आत-बाहेर होणाऱ्या गर्दीतच चालायचंय. मग सोमवारी सकाळी आठ वाजता तोच रस्ता पुन्हा करा.