जमीन विकू नका, पण सोमवारची एसटी चुकवू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 36 वर्षांचा, पतसंस्थेत नोकरीला. हातात 46,000 येतात. बायको तालुक्याच्या शाळेत शिकवते, तिला 14,000. घरखर्च 38,000 आणि दुचाकीचा हप्ता 4,000. मुलगा अडीच वर्षांचा आहे. एकही शब्द बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमची लक्षणं वाटतात, थेरपी लगेच सुरू करा, असं सांगितलं. पुण्यातलं एक सेंटर वर्षाच्या पॅकेजचे साडेचार लाख मागतं, सगळे आधीच भरायचे. 'वर्षात बोलायला लागेल' असं ते म्हणतात. बायको मुलाला घेऊन तिथे खोली करून राहील. आमच्याकडे 3,20,000 ची एफडी, आठ तोळे सोनं, 28,000 वार्षिक हप्त्याची एक जुनी विमा पॉलिसी आहे. वडिलांच्या नावे 30 गुंठे जमीन आहे, चुलतभाऊ तिचे नऊ लाख देतोय. सिव्हिलमध्ये काही मिळत नाही असं सगळे सांगतात. आई म्हणते, तूही उशिराच बोललास, थांब. काय करू? (मराठवाड्यातून)

नमस्कार.

आईंचं मन राखा, पण थांबू नका. उशिरा बोलणारी मुलं असतात, हे खरं. पण हाकेला न वळणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी ती ओळखली आहे. पहिली काही वर्षं मेंदू सर्वांत झपाट्याने घडतो, म्हणून आता गेलेले सहा महिने नंतर पैसे ओतून भरून निघत नाहीत. पैशांचं काम करणारी बाई असूनही हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण या प्रश्नात वेळ ही पैशापेक्षा महाग आहे.

तुमच्या पत्रात कानांच्या तपासणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर ती पहिली करा. 'बेरा' नावाची तपासणी झोपलेल्या मुलावरही करता येते. ऐकूच कमी येत असेल तर उपचारांची दिशा बदलते आणि पैशांचीही.

आता हिशेब. तुम्ही साडेचार लाखांचा निर्णय विचारलात, पण तो तेवढ्याचा नाही. खोलीचं भाडं महिना 9,000 धरलं तर वर्षाचे 1,08,000. दुसऱ्या चुलीचा खर्च 10,000 प्रमाणे 1,20,000. वहिनींचा बुडालेला पगार 1,68,000. तुमच्या येण्याजाण्याचे 30,000. एकूण 8,76,000. तुम्हा दोघांचं वर्षाचं उत्पन्न 7,20,000 आहे. म्हणजे एका वर्षात दोन पगारांहून जास्त पैसे जातील, आणि वर्ष संपल्यावर मुलगा साडेतीन वर्षांचा असेल, थेरपी चालूच ठेवावी लागेल, आणि हातात जमीन नसेल.

पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वर्षभराचे पैसे आधी मागणाऱ्या कुठल्याही केंद्राला ते देऊ नका. माझ्या एका अशिलाने बायकोचे दागिने मोडून असेच पैसे भरले होते. पाचव्या महिन्यात तिथली वाचा उपचारतज्ज्ञ सोडून गेली, तिच्या जागी शिकाऊ मुलगी आली, आणि परतावा मागायला गेल्यावर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली गेली. पैसे महिन्याचे महिन्याला द्या, म्हणजे नाराज झालात तर उठून जाता येतं. 'वर्षात बोलेल' ही हमी तर प्रामाणिक थेरपिस्ट देतच नाही. तुमच्या मुलाला शिकवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारा. वाचा उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांना ती नोंदणी लागते. आणि कुणी स्टेम सेलचं, म्हणजे मूलपेशींच्या उपचाराचं, नाव काढलं तर तिथून निघा. ऑटिझमसाठी ते उपचार सुचवता येत नाहीत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने 2022 मध्येच सांगितलं आहे.

'सिव्हिलमध्ये काही मिळत नाही' हे तुम्ही ऐकलंत. स्वतः गेलात का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, आणि विकासात मागे वाटणारं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'डीईआयसी' म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे तिथे एका छताखाली असावेत, आणि सगळं मोफत, अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात पदं रिकामी असतात, तारीख दोन महिन्यांनंतरची मिळते, हे मला माहीत आहे. तरीही जा. तिथे झालेलं मूल्यमापन आणि नोंद पुढच्या प्रत्येक कागदासाठी उपयोगी पडते. तुमच्या तालुक्याचं पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारा, पण त्याची वाट बघत बसू नका, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट गेलात तरी चालतं. तज्ज्ञ नसेल तर 'या तारखेला आलो, सेवा मिळाली नाही' असा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्या आणि पोच घ्या. पुढची पायरी पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

हे मी भांडायला शिकवत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या पंचविसाव्या कलमात जवळपासच्या ठिकाणी, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा द्यावी असं लिहिलेलं आहे, उत्पन्नाच्या अटीवर. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून सुरू होतो. ज्या वयात मूल सर्वांत जास्त शिकतं, त्या वयाचं बिल बापाच्या सातबाऱ्यावर येतं. कोथरूडमध्ये राहणारी आई मुलाला रिक्षाने थेरपीला नेते आणि तुमच्या गावातल्या आईला त्याच थेरपीसाठी घर सोडावं लागतं, हे मला फार खटकतं. तुमच्या 8,76,000 मधले सव्वाचार लाख थेरपीचे नाहीतच, ते अंतराचे आहेत.

अंतर कमी कसं करायचं, याचं एक उत्तर गोव्यात दिसलं. तिथे आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या पालकांना सहा महिने, साधारण दर पंधरा दिवसांनी, घराजवळ प्रशिक्षण दिलं गेलं. देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. म्हणजे आठवड्याचे दोन तास थेरपिस्टचे आणि बाकीचे सगळे तुमचे. म्हणून कुठल्याही थेरपिस्टला पहिला प्रश्न हा विचारा: 'आम्ही घरी काय करायचं ते शिकवाल का?' मुलाला आत नेऊन दार लावून घेणारं केंद्र तुमच्या कामाचं नाही.

आता माझी योजना. एकदा पुणे किंवा मुंबईत विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण मूल्यमापन करून घ्या, प्रवासासह 25,000 बाजूला काढा. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, कानांची तपासणीही तिथे होते. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन फेऱ्या, सोमवारी वहिनी आणि शनिवारी तुम्ही. एसटीत वहिनींना अर्धं तिकीट, मुलाला पाच वर्षांपर्यंत काहीच नाही. डीईआयसीत सेशन मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली असं धरून खासगी दर 700 घेऊ. महिन्याला वाचा उपचाराची 8 सेशन 5,600, ऑक्युपेशनल थेरपीची (रोजच्या हालचाली आणि सवयी शिकवणारी) 4 सेशन 2,800, प्रवास 2,000, वहिनींच्या सोमवारच्या बिनपगारी रजा 2,300, आणि तीन महिन्यांनी एकदा मोठ्या शहरात फेरतपासणी, तिचे महिन्याला 2,000. बेरीज 14,700, वर्षाला 1,76,400. पुण्याच्या एका वर्षाच्या पैशात हे जवळपास पाच वर्षं चालतं.

तुमच्याकडे महिन्याला 18,000 उरतात, पण विम्याचा हप्ता त्यातूनच जातो. जुनी पॉलिसी बंद करून तोटा घेऊ नका. पुरेशी वर्षं भरली असतील तर ती 'पेड-अप' करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबतात आणि कमी झालेली रक्कम मुदतीला मिळते. वाचलेल्या पैशांतून तुमच्या नावे एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा. वैयक्तिक विम्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही. या मुलाला कदाचित तुमच्यानंतरही आधार लागेल, तेव्हा हा विमा थेरपीइतकाच निकडीचा आहे. उरतील त्यातले किमान 1,500 वहिनींच्या स्वतःच्या खात्यात. अशा घरांत आईची नोकरी सर्वांत आधी जाते आणि तिच्या म्हातारपणाचा हिशेब कुणीच मांडत नाही. उरलेल्या एफडीला हात लावू नका, ती सात महिन्यांचा घरखर्च आहे.

ऑटिझमचं निदान पक्कं झालं तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा. 'शिक्का बसेल' ही भीती मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. लहान वयातलं प्रमाणपत्र बहुधा ठराविक मुदतीचं असतं, मूल सुधारलं तर ते बदलतं. त्यावर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना मिळते, काही शे रुपयांत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण, ज्यात थेरपीच्या खर्चालाही ठराविक मर्यादेपर्यंत जागा आहे. फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, दर आठवड्याच्या थेरपीला ती पुरणार नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी कुठे खर्च होतो ते ग्रामसभेत विचारा. आणि कुणी 80डीडीची करसवलत दाखवून नवी पॉलिसी गळ्यात मारायला आला तर त्याला परत पाठवा. नव्या करप्रणालीत तुमच्या पगारावर करच लागत नाही.

राहिली जमीन. घाईत विकणाऱ्याला चुलतभाऊही घाईचाच भाव देतो. तिची गरज पुढे पडू शकते, मुलगा वीस वर्षांचा असताना, तुम्ही निवृत्तीकडे झुकलेले असताना. तोवर ती वडिलांच्या नावेच राहू द्या आणि त्यांच्यानंतर तुमचा हिस्सा स्पष्ट राहील असं मृत्युपत्र त्यांच्या हयातीत करून घ्या.

सोमवारी सिव्हिलला जाताना लसीकरण कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मोबाइलवर त्याच्या खेळण्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत मुलं गप्प बसतात, घरचा व्हिडिओ तज्ज्ञांना जास्त सांगतो. मूल्यमापनाचा कागद हाती आला की मला पुन्हा लिहा. त्यात आठवड्याची सेशन वाढवायला सांगितली असतील तर 14,700 चा आकडा आपण नव्याने मांडू.