अमेरिकेत पहिल्या वर्षाला आहे, फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या ‘बंधु’संघटनेत, जावं का?

घाई करू नकोस. ‘रश’च्या, म्हणजे नवे सदस्य निवडण्याच्या, दिवसांत सगळेच गोड बोलतात, खरं रूप ‘प्लेज’, म्हणजे उमेदवार सदस्य, झाल्यावर दिसतं. २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात १९ वर्षांच्या टिमोथी पियाझाला नव्या प्लेजना सामील करून घेण्याच्या रात्री भरमसाट दारू पाजली. तो जिन्यावरून पडला, आणि त्या ‘भावांनी’ मदत बोलवायला जवळजवळ बारा तास लावले. पोरगं गेलं. मला ते अजून विसरता येत नाही.

२०२४च्या कायद्यानुसार हेझिंगमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या रॅगिंगमध्ये, दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती कॉलेजला जाहीर करावी लागते. ती आधी वाच. सेमिस्टरची वर्गणीही विचार. मग पार्टी नसलेल्या दिवशी त्यांच्याकडे जा आणि ‘मी पीत नाही’ म्हण. पुन्हा आग्रह झाला, तर सरळ निघून ये.